लग्नाच्या फोटोग्राफीसाठी नवी बॉडी घेण्याआधी काय घ्यावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे निकॉनचा डी५६०० हा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आणि ७०-३०० ची एक झूम आहे. दोनेक वर्षे हौसेने फोटो काढल्यावर आता लग्नाच्या फोटोग्राफीकडे वळावे असे तुम्हांला वाटते. ओळखीच्यांच्या समारंभांत काढलेले फोटो मात्र हललेले, दाणेदार आणि मळकट रंगांचे आले. म्हणून जुना निकॉन डी७५०, जुना सोनी ए७ थ्री किंवा नवा कॅनन आर८ यांपैकी एखादा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा घ्यावा असा विचार आहे, पण चांगली बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) आणि चांगली लेन्स दोन्ही एकदम घेण्याची ऐपत आज नाही.

माझे मत स्पष्ट आहे: आत्ता बॉडी बदलू नका. आधी मोठ्या ॲपर्चरची (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राची) एक लेन्स आणि डोके वळवता येणारा एक फ्लॅश घ्या, त्यांवर हात बसू द्या, आणि लग्नाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेण्याची वेळ येईल तेव्हा दोन कार्ड स्लॉट असलेली बॉडी घ्या. डी५६०० तेव्हाही विकू नका. या क्रमामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण कारणे कळली की दुकानात समोर कोणतेही मॉडेल आले तरी निर्णय तुमचा तुम्हांला घेता येईल.

तुमचे फोटो बिघडले ते कुठे, हे आधी आकड्यांत पाहू. संध्याकाळचा हॉल, वर पिवळसर दिवे, पाहुणे उठबस करत आहेत आणि तुम्ही किट लेन्स ५५ मिलिमीटरला नेऊन वधूवरांचा अर्धा देह चौकटीत घेतला आहे. त्या टोकाला ही लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके ॲपर्चर मोठे). अशा हॉलमध्ये आयएसओ, म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ६४०० केला तरी शटर स्पीड १/६० सेकंदाच्या आसपास अडकतो, आणि १/६० ला उभा माणूस जेमतेम स्थिर येतो. हात उचलला, मान वळवली, हसताना खांदे हलले की तेवढा भाग पुसट होतो. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा तुमच्या हाताचे हलणे सावरते, समोरच्याचे नाही. आता त्याच जागी, त्याच आयएसओला एफ/२.८ ची लेन्स लावा: चौपट प्रकाश आत येतो आणि शटर स्पीड १/२५० मिळतो. एफ/१.८ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) लावलीत तर एफ/५.६ च्या मानाने सुमारे दहापट प्रकाश मिळतो, म्हणजे १/२५० कायम ठेवून आयएसओ २५०० पर्यंत खाली आणता येतो.

याउलट, तुम्ही केवळ बॉडी बदलून फुल फ्रेम घेतला आणि त्यावर पुन्हा एफ/५.६ पर्यंत मिटत जाणारीच झूम लावली, तर काय मिळते? फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, तुमच्या कॅमेऱ्याचा साधारण २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळ सव्वादोनपटीहून थोडे अधिक, म्हणून त्याच सेटिंगला मिळणारा फायदा एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जरासा जास्त, एवढाच. चित्र कमी दाणेदार येईल, पण शटर स्पीड १/६० च राहील आणि हललेला हात हललेलाच राहील. दाणा नंतर बऱ्यापैकी काढता येतो; अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये फोटो सुधारण्याच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एआयवर चालणारी डीनॉइजची (दाणा काढण्याची) सोय दिल्यापासून रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलमधील आयएसओ ६४०० ची भीती बाळगण्याचे कारण फारसे उरलेले नाही. हललेली भुवई मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत येत नाही. लग्नात तो क्षण पुन्हा घडवूनही आणता येत नाही, म्हणून शटर स्पीडला आधी जपायचे आणि दाण्याची चिंता नंतर करायची, हा क्रम मी नेहमी पाळतो.

कोणती लेन्स? तुमच्या बाबतीत मी निकॉनच्या ‘जी’ मालिकेतील ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स घ्या असे सांगेन, आणि त्यामागे दोन हिशेब आहेत. ती फुल फ्रेमसाठी बनवलेली आहे, म्हणून पुढे निकॉनचीच फुल फ्रेम बॉडी घेतलीत तर वाया जाणार नाही. शिवाय तिच्या आत फोकसची मोटर आहे. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे निकॉनच्या जुन्या, आत मोटर नसलेल्या ‘डी’ प्रकारच्या लेन्स त्यावर ऑटोफोकस होत नाहीत. स्वस्तात मिळते म्हणून ५० एफ/१.८ डी उचलू नका. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे तुमच्या डी५६०० मधल्या लहान सेन्सरवर, ही ५० ची लेन्स ७५ इतके अरुंद दृश्य दाखवते, म्हणजे व्यक्तिचित्रे, जोडीचे फोटो, पाहुण्यांचे हावभाव यांसाठी उत्तम, पण लहान खोलीत दहा जण एका चौकटीत बसवण्यासाठी निरुपयोगी. ती कामे तूर्त किट लेन्स आणि फ्लॅश यांवर भागवा. १७-५० एफ/२.८ सारखी क्रॉप सेन्सरची झूम जास्त सोयीची आहे हे खरे, आणि क्रॉप सेन्सरवरच पुढची काही वर्षे काढायचा विचार असेल तर मी तीच सुचवली असती. पण तुमच्या बोलण्यात फुल फ्रेमची ओढ स्पष्ट दिसते, आणि तिकडे गेल्यावर ही झूम पूर्ण सेन्सर झाकत नाही. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीवर क्रॉप लेन्स लावली की हातात साधारण दहाच मेगापिक्सेल उरतात.

एफ/१.८ वापरताना एक सावधगिरी नक्की बाळगा. डी५६०० वर ५० मिलिमीटरने दोन मीटरवरून एफ/१.८ ला फोटो काढलात तर स्पष्ट दिसणारा पट्टा पुढेमागे मिळून जेमतेम ११-१२ सेंटीमीटरचा असतो. वधू अर्धे पाऊल पुढे आणि वर तिच्या खांद्यामागे असे उभे असतील तर एकाचेच डोळे स्पष्ट येतील. एकट्या माणसाला एफ/२, जोडीला एफ/२.८ ते एफ/४, दोन ओळींच्या गटाला एफ/५.६, असे ढोबळ गणित मनात पक्के करा आणि प्रकाश कमी पडेल तिथे फ्लॅशची मदत घ्या. नवशिक्यांच्या अल्बममध्ये मला दाण्यापेक्षा चुकलेला फोकस कितीतरी जास्त दिसतो, आणि त्यातला बराचसा भाग ॲपर्चर सरसकट पूर्ण उघडे ठेवल्याने आलेला असतो.

फ्लॅशविषयी थोडे जास्त बोलतो, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही आणि लग्नाच्या कामात त्याचा वाटा बॉडीपेक्षा मोठा आहे. कॅमेऱ्यावर उघडणारा छोटा फ्लॅश समोरून सपाट प्रकाश मारतो, कपाळ चमकवतो आणि मागची भिंत काळी करतो. तो पाहून बरेच जण फ्लॅशच्या नावालाच नाके मुरडतात आणि सगळे उपलब्ध प्रकाशातच काढायचे ठरवतात. वेगळ्या फ्लॅशचे डोके मात्र छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवता येते. पांढऱ्या भिंतीवर पडलेला प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून परत येतो, म्हणून सावल्या मऊ पडतात, आणि बाजूने आल्यामुळे चेहऱ्याला उठाव मिळतो. करून पाहा: मॅन्युअल मोड, एफ/४, १/१२५, आयएसओ १६००, फ्लॅश टीटीएलवर (लेन्समधून आलेला प्रकाश मोजून आपली ताकद आपण ठरवणाऱ्या मोडवर) आणि डोके तुमच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीकडे, थोडे वर. खोलीचा मूळ उजेड मागे जिवंत राहतो आणि चेहरे नीट उजळतात. फ्लॅशचा झोत फार थोडा वेळ टिकतो, म्हणून चेहऱ्यावरची हालचालही बरीच गोठते. छत फार उंच, काळे किंवा गडद रंगाचे असेल तर ही युक्ती चालत नाही. हिरव्या भिंतीवरून आलेला प्रकाश चेहरे हिरवे करतो. अशा ठिकाणी रेडिओ ट्रिगरने चालणारा फ्लॅश स्टँडवर कोपऱ्यात उभा करावा लागतो, म्हणून फ्लॅश घेतानाच त्यात रेडिओची सोय आहे ना हे पाहा. रंग मळकट येण्याची तुमची तक्रारही बहुतांशी इथेच सुटेल. मात्र ३२०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासचे पिवळे दिवे आणि ५५०० केल्विनच्या आसपासचा फ्लॅश एकत्र आले की चेहरा एका रंगाचा आणि पार्श्वभूमी दुसऱ्या रंगाची होते. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग, दिव्यांशी जुळवला की दोन्ही एका सुरात येतात.

एक मर्यादा माहीत असू द्या: डी५६०० वर फ्लॅश १/२०० पेक्षा वेगवान शटरला चालत नाही, कारण हाय स्पीड सिंकची सोय त्या बॉडीत नाही. घरात याची अडचण येत नाही. भर उन्हात ॲपर्चर उघडे ठेवून चेहऱ्यावर फ्लॅशने भरणा करायचा असेल तेव्हा येते, आणि बॉडी बदलण्यासाठी ते एक सबळ कारण आहे.

आता बॉडीकडे येतो. हौसेच्या फोटोग्राफीसाठी चांगला कॅमेरा आणि लग्नासाठी चांगला कॅमेरा यांत फरक चित्राच्या दर्जाचा फारसा नसतो. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो आणि ३०० च्या घनतेने छापला तर २० बाय १३ इंच भरतो. अल्बमच्या कामाला ते पुरेसे आहे आणि तुमचा डी५६०० ते आजही देतो. फरक असतो तो काम अडण्याच्या शक्यतेत. मेमरी कार्ड हा सबंध साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी पूर्वसूचना देऊन दगा देणारा भाग आहे. दोन स्लॉट असलेल्या बॉडीत प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिता येतो, आणि एक कार्ड गेले तरी कुटुंबाला तोंड दाखवता येते. ज्याचे पैसे घ्यायचे त्या लग्नात मुख्य कॅमेऱ्याला एकच स्लॉट असणे मला मान्य नाही, आणि या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. आर८ इथेच बाद होतो. तो वाईट कॅमेरा आहे असे मुळीच नाही: त्यात आर६ मार्क टू च्या तोडीचा सेन्सर आणि तसेच उत्तम ऑटोफोकस आहे. पण स्लॉट एकच, बॉडीत कंपनरोधक यंत्रणा नाही आणि बॅटरी लहान. प्रवासाला, घरच्या फोटोंना किंवा दुसरा कॅमेरा म्हणून तो सुखाने चालेल.

हाताळणीही दुर्लक्षू नका. डी५६०० ला सेटिंग बदलण्यासाठी एकच चाक आहे, म्हणून मॅन्युअल मोडमध्ये ॲपर्चर बदलायचे तर एक बटण दाबून धरून चाक फिरवावे लागते. शांतपणे फोटो काढताना हे खुपत नाही. पण दारातल्या उन्हातून वधू आतल्या अंधाऱ्या खोलीत शिरते आणि तुम्हांला तिच्यासोबत उलट्या पावलांनी चालत तीन स्टॉपचा फरक भरून काढायचा असतो, तेव्हा अंगठ्याखाली एक आणि तर्जनीखाली एक अशी दोन चाके असणे म्हणजे काय ते कळते. फोकसचेही तसेच: डी५६०० मध्ये ३९ फोकस बिंदू आहेत, पण आडवी-उभी दोन्ही रेषा पकडणारे नऊच, आणि तेही मध्यभागी. मंद उजेडात ते नऊ सोडून कडेचा बिंदू निवडलात की लेन्स पुढेमागे शोधत बसते. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात फोकसचे काम सेन्सरच करतो, म्हणून चौकटीच्या जवळजवळ कोणत्याही भागातला डोळा तो पकडू शकतो. लग्नाच्या कामात गेल्या दहा वर्षांत झालेला खरा फायदेशीर बदल मला हाच वाटतो. त्यापुढे मेगापिक्सेलची वाढ किरकोळ आहे.

मग डी७५० चे काय? २०१४ चा हा कॅमेरा आजही लग्नाचे काम करू शकतो. दोन एसडी स्लॉट, उणे ३ ईव्हीपर्यंतच्या (ईव्ही हे उजेडाचे माप), म्हणजे फार मंद उजेडात फोकस करण्याची क्षमता, प्रमाणित चाचणीत एका बॅटरीत १२३० फोटो, आणि तुमची ५० ची लेन्स थेट लागते. त्याचे ५१ फोकस बिंदू चौकटीच्या मध्याभोवती दाटलेले आहेत, म्हणून फोकस धरून चौकट सरकवण्याची जुनी सवय लागते. हातात पैसा अगदीच मोजका असेल आणि काम लगेच सुरू होणार असेल तर मी डी७५० ला नाही म्हणणार नाही. पण नव्या लेन्सवर मोठी रक्कम लावण्याआधी विचार करा: निकॉनने १९५९ पासून चालवलेल्या एफ माउंटऐवजी (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसवण्याची जोडणी) आणि कॅननने १९८७ पासूनच्या ईएफऐवजी नवी लेन्सनिर्मिती आता २०१८ मध्ये आलेल्या झेड आणि आरएफ या माउंटकडे वळवली आहे. डी७५० घ्यायचा तर त्याच्या लेन्सही जुन्या बाजारातूनच घ्या.

सोनी ए७ थ्री हा तिघांत सर्वांत समतोल पर्याय आहे. २०१८ चा, चोवीस मेगापिक्सेल, दोन स्लॉट (त्यांतला एकच वेगवान यूएचएस-टू प्रकारचा, हे कार्डे घेताना लक्षात ठेवा), बॉडीत कंपनरोधक यंत्रणा, प्रमाणित चाचणीत सुमारे सातशे फोटो देणारी बॅटरी, आणि सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सची भरपूर निवड. तुमच्या दोन्ही निकॉन झूम क्रॉप सेन्सरच्या असल्याने फुल फ्रेमवर त्या तशाही फार उपयोगी नाहीत, म्हणजे माउंट बदलण्यात लेन्सचे नुकसान जवळजवळ नाही. नुकसान होते ते वेगळ्याच जागी. डी५६०० तुमचा राखीव कॅमेरा राहणार असेल तर मुख्य कॅमेऱ्याची लेन्स आणि फ्लॅश त्यावर लागायला हवेत. ऐन वेळी सोनी बंद पडला आणि तुमच्या पिशवीत निकॉनवर बसणारी फक्त किट लेन्स असली, तर तो राखीव कॅमेरा नावापुरताच राहतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या बूटवर (फ्लॅश बसवण्याच्या खाचेवर) बसणारा टीटीएल फ्लॅशही कंपनीनुसार वेगळा असतो.

म्हणून मी चौथा पर्याय पुढे ठेवतो, तो म्हणजे निकॉनची झेड मालिका: वापरलेला झेड६ टू किंवा, बजेट ताणता आले तर, २०२५ मध्ये आलेला झेड५ टू. दोघांतही दोन स्लॉट आणि बॉडीत कंपनरोधक यंत्रणा आहे. झेड६ टू चा एक स्लॉट सीएफएक्सप्रेस किंवा एक्सक्यूडी कार्डाचा आणि दुसरा एसडीचा आहे, म्हणून कार्डांचा खर्च वाढतो. झेड५ टू मध्ये दोन्ही एसडी आहेत आणि माणूस व डोळा ओळखून पाठलाग करणारा त्याचा ऑटोफोकस झेड६ टू पेक्षा स्पष्टपणे पुढचा आहे. एफ माउंटची लेन्स झेडवर बसवणारा एफटीझेड ॲडॉप्टर लावून तुमची ५० एफ/१.८ ची ‘जी’ लेन्स त्यावर ऑटोफोकससह चालते आणि तीच लेन्स, तोच फ्लॅश, गरज पडली तर क्षणात डी५६०० वर जातो. उलट दिशेने ही सोय नाही: झेडची लेन्स डी५६०० वर बसत नाही. त्यामुळे झेडची झूम घेतल्यावरही ती ५० ची लेन्स पिशवीतून बाहेर काढू नका. या मांडणीत तुमचा आज घातलेला एकही पैसा अडकून पडत नाही, आणि तुम्ही निकॉनवरच राहावे असे सुचवण्याचे कारण हेच आहे. निकॉनचे चित्र इतरांपेक्षा सरस असते असा माझा दावा नाही. तुम्ही नव्याने सुरुवात करत असता, हाती काहीच नसते, तर मी सोनीला तितक्याच आनंदाने हो म्हटले असते. कॅननमध्ये जायचे असेल तर आर६ किंवा आर६ मार्क टू पाहा, दोघांनाही दोन एसडी स्लॉट आहेत; आरएफ माउंटवर फुल फ्रेमसाठी बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्सची निवड सोनीइतकी मोकळी राहिलेली नाही, मात्र जुन्या ईएफ लेन्स ॲडॉप्टरने फार चांगल्या चालतात.

मिररलेसवर आल्यावर दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली, आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर. विधी चालू असताना शांतता हवी म्हणून ते लावण्याचा मोह होतो, पण बहुतेक बॉडींत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि दिवे मात्र डोळ्यांना न दिसता लुकलुकत असतात. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. परिणामी फोटोवर आडवे पट्टे उमटतात, आणि ते मागच्या छोट्या पडद्यावर चटकन दिसत नाहीत. १/५० किंवा १/१०० ला हे पट्टे साधारणपणे टळतात, पण एलईडीची भिंत किंवा रंगीत स्टेज-लाइट असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. अशा जागी यांत्रिक शटर वापरा. बहुतेक बॉडींत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅशही चालत नाही. दुसरी गोष्ट, व्ह्यूफाइंडर तुमच्या सेटिंगचा परिणाम आधीच दाखवतो. फ्लॅशच्या भरवशावर आयएसओ ४०० आणि एफ/५.६ ठेवलेत तर आत काळोखच दिसेल आणि कॅमेरा बिघडला असे वाटेल. मेनूमध्ये सेटिंगचा परिणाम दाखवणे बंद करण्याची सोय असते. ती एखाद्या बटणावर बसवून ठेवा.

वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा उघडले याचा आकडा विचारा, पण त्यावरच भुलू नका. ॲपर्चर एफ/१६ करून पांढऱ्या भिंतीचा फोकस हुकवलेला फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. धूळ पुसता येते, ओरखडा नाही. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून दोन्हींवर फोटो लिहिले जातात का ते पाहा. फ्लॅश लावून तो प्रत्येक वेळी पेटतो ना, हे बूट किंचित हलवत तपासा, कारण खूप काम केलेल्या बॉडीत तिथला संपर्क सैल झालेला असतो. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश तिरका टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, ती लेन्स घेऊ नका.

बॉडीनंतरची पहिली मोठी खरेदी एफ/२.८ ची मधली झूम असावी, २४-७० किंवा २८-७५. झेडची २८-७५ एफ/२.८ ही ५६५ ग्रॅमची आहे, तर कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या २४-७० एफ/२.८ एस ची पहिली आवृत्ती ८०५ ग्रॅमची. दिवसभर मानेवर बाळगायच्या वजनात हा फरक संध्याकाळी जाणवतो, आणि २४ ऐवजी २८ पासून सुरुवात झाल्याने अडणारी कामे थोडी आहेत. ७०-२०० ची घाई करू नका. स्टेज लांब असेल आणि जवळ जायला मज्जाव असेल तेव्हा तिला तोड नाही, पण अशी लेन्स काही दिवसांसाठी भाड्याने मिळते. तोवर ८५ एफ/१.८ बरेच काही निभावून नेते. भाड्याचा मार्ग बॉडीसाठीही वापरा: निर्णय होत नसेल तर मनात असलेले दोन कॅमेरे आणून एकाच अंधाऱ्या खोलीत, चालत्या माणसावर, फ्लॅशशिवाय आणि फ्लॅशसह वापरून पाहा. पुनरावलोकने वाचून जे कळत नाही ते तासाभरात हाताला कळेल.

बजेट मांडताना कार्डे, जादा बॅटऱ्या आणि फाइल साठवण्याची जागा हे खर्च आधीच धरून ठेवा. चोवीस मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे दोन हजार फोटोंचे ५० ते ६० जीबी झाले, आणि ते किमान दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायचे. दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय आणि ती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचे नाही.

नवी बॉडी घेईपर्यंतचा काळ रिकामा घालवू नका. अनुभवी फोटोग्राफरसोबत सेकंड शूटर (दुसरा, साहाय्यक फोटोग्राफर) म्हणून जा आणि डी५६००, ५० ची लेन्स व फ्लॅश एवढ्यावर काम करा. मुख्य जबाबदारी त्यांची असल्याने एक स्लॉट आणि एक बॉडी इथे चालून जाते. प्रत्येक कामानंतर फुकट गेलेले फोटो कारणानुसार वेगळे करा: हललेले, फोकस चुकलेले, फ्लॅश वेळेवर न भरलेले, उन्हात सिंकच्या मर्यादेने अडलेले, लेन्स अरुंद पडल्याने हुकलेले. हललेल्यांचा ढीग मोठा असेल तर शटर स्पीडची सवय बदलायची आहे, बॉडी नाही. अरुंद पडल्याचा ढीग मोठा असेल तर आधी झूम घ्या. मंद उजेडात कडेच्या बिंदूवर फोकस चुकल्याचा आणि सिंकमुळे अडल्याचा ढीग वाढू लागला, म्हणजे डी५६०० ची खरी हद्द लागली. झेड५ टू साठी पैसे मोकळे करण्याची वेळ ती. ती बॉडी हाती आल्यावर पहिल्या कामाच्या किमान दोन आठवडे आधी घड्याळ, फाइलचे नाव, दोन्ही कार्डांवर लिहिण्याची सेटिंग आणि बटणांची मांडणी ठरवून घ्या, आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर दोघांचे फोटो एकत्र केल्यावर विधींचा क्रमच उलटापालटा दिसतो.